याहिचं म्हणणं

"हो जी, याहिचा होकार आहे. कालच बोलले माझ्यापाशी. म्हणे, पोरगा चांगला आहे, होऊन जाऊ द्या."

इस्तारी आतल्या खोलीत खाटेवर बसला होता. बायको, इंदिरा, पडवीत फोनवर बोलत होती आणि मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. चहाचा पेला त्याच्या डाव्या हातात तसाच राहिला. सांडला नाही, हिंदकळलाही नाही. फक्त वाटलं, सगळं मोकळं सुटलं, उतारावर ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रल केली की मागं उभ्या कंडक्टरला जाणवतं तसं. काल तो काही बोलला नव्हता. काल काय, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी न्हाणीत पडला तेव्हापासून त्याच्या तोंडून अर्थाचं एक वाक्य बाहेर पडलं नव्हतं, आणि आता मार्गशीर्ष लागला होता. हे इंदिरेइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी तिचा आवाज किती साधा. खोटं बोलणाऱ्याचा आवाज जरा वर चढतो, हे त्यानं एसटीच्या कंडक्टरकीत आयुष्यभर ऐकलेलं. 'पास घरी राह्यला' म्हणणारा पोट्टा हमखास वरच्या पट्टीत बोलतो. इंदिरेचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तशी ती सांगत होती की तिचा नवरा बोलला. म्हणजे ही पहिली वेळ नव्हती. तिचा सराव झालेला होता.

त्याच्या डोक्यात डाव्या बाजूला रक्त गोठलं, उजवा हात गेला, उजवा पाय ओढता झाला आणि शब्द गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण शब्द गेले नव्हते. ते होते. गर्दीच्या गाडीत मागच्या दारापाशी अडकलेल्या ओळखीच्या माणसासारखे ते त्याला दिसत. तो हात करी, तेही हात करीत, पण मधली माणसं हलत नसत, आणि दारातून उतरे तो भलताच कोणी. मीठ मागायला गेला की 'तिकीट' निघायचं. पाणी मागायला गेला तरी 'तिकीट'. पोटच्या पोरीचं नाव निघत नव्हतं, पण एकदा सुरुवात करून दिली की 'बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, अहेरी' हे सगळं घडाघडा, दम न घेता, जसं तो डेपोतून गाडी हलताना म्हणायचा तसं बाहेर पडे; आणि शेजारच्या बायका दारातून डोकावून म्हणत, सुधरून राह्यले जी भाऊ. त्याला तेव्हा रडू येई. सुधारलेलं त्यात काही नव्हतं. ती मोकळी गाडीच धावत होती, आत कोणी बसलेलं नव्हतं.

आणि गंमत अशी की इंदिरेला त्याचं सगळं समजे. तो ताटावर बसून 'तिकीट' म्हणाला की ती न विचारता मीठ वाढी. उशाकडे पाहून 'तिकीट' म्हणाला की खिडकी लावी. घरावर खाणीतल्या कोळशाची काळी भुकटी बसते, खिडकी उघडी राहिली तर पांघरूण हाताला करकरतं, हे त्याला खुपतं हे तिला ठाऊक. पहिले काही दिवस त्याला हे देवाघरचं देणं वाटलं. कीर्तनात बुवा उभे राहतात, म्हणतात, 'राजा बोलला,' आणि राजाचं बोलणं बोलतात. कोणी विचारत नाही की बुवा, तुम्ही होतात का तिथं? ऐकणाऱ्याला राजा दिसतो, बुवा दिसत नाहीत, आणि चांगल्या बुवांची खूण तीच. इंदिरा तशी त्याच्या बाजूला उभी राही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "याहिचं म्हणणं का, यंदा थंडी लवकर पडली." आणि खरंच, त्याच्या मनात तेच असायचं. बाबूपेठेच्या मारुतीच्या देवळात तो इतकी वर्षं टाळ घेऊन बुवांच्या मागं उभा राहिला होता. आता बुवा त्याच्याच घरात होते आणि कथा त्याचीच होती. तो मनातल्या मनात म्हणे, पांडुरंगा, तोंड काढून घेतलंस पण दुसरं दिलंस.

मग लहानू आला. लहानू म्हणजे त्याचा जुना ड्रायव्हर, अहेरीच्या गाडीवर दोघांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यानं येताना मायेनं सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून आणला होता, प्लास्टिकच्या पन्नीत, हाताच्या ऊबेसकट. इस्तारीचं तोंड पाण्यानं भरलं. इंदिरा पुढं झाली. "भाऊ, ठेवा तुमच्यापाशीच. हे म्हणून राह्यले, मी खर्रा सोडला." लहानूनं इस्तारीकडं पाहिलं. "काय गा, सोडला?" इस्तारी 'तिकीट, तिकीट' म्हणाला, अगदी जीव तोडून. "पाहा," इंदिरा म्हणाली, "म्हणून राह्यले, तूही सोड." लहानू हसला, इस्तारीच्या खांद्यावर थापटून गेला. त्या दिवशी इस्तारीलाही हसूच आलं होतं, थोडं रागाचं, थोडं कौतुकाचं. नंतर समोरच्या आणि आतल्या खोलीला गुलाबी रंग लागला. "याहिलेच हौस." गुलाबी. त्यानं जन्मात कधी गुलाबी रंगाकडं वळून पाहिलं नव्हतं. नंतर देव्हाऱ्याची जागा बदलली, नंतर त्याच्या चुलत भावाच्या घरच्या बारशाला घरातलं कोणी गेलं नाही, हेही त्याचंच म्हणणं. तो खाटेवर पडून आढ्याकडं बघत आपली मतं ऐकू लागला. बरीचशी इंदिरेची होती. काही तर अशी होती की लग्न होऊन आल्यापासून ती तोंडात घेऊन बसली असावी, आणि आता कुठं त्यांना नवऱ्याचं तोंड मिळालं होतं. मग त्याला वाटे, विटेवरचा तो तरी दुसरं काय करतो? अठ्ठावीस युगं ओठ मिटून उभा. भक्त म्हणतात, देव असं म्हणाला, देवाला हे आवडतं, देवाला ते चालत नाही. त्याला कोणी विचारलं का कधी? कमरेवर हात आहेत ते संतापानं तर नसतील? असं मनात आलं की तो घाबरून डाव्या हातानं कानाची पाळी धरी. पण विचार जात नसे.

आणि आता हा होकार.

पोळ्याच्या दिवशी, म्हणजे न्हाणीत पडण्याच्या आदल्या संध्याकाळी, तो 'नाई' म्हणाला होता. हे त्याला लख्ख आठवत होतं. बैल नसलेल्या घरातही इंदिरेनं मातीची जोडी मांडून पूजा केली होती, पुरणाचा वास होता, आणि हात पदराला पुशीत ती म्हणाली होती, "गडचांदूरचे गुणवंतराव आहेत ना जी, त्याहिच्या पोराचं विचारून राह्यले आपल्या पुनमसाठी. प्रणित नाव आहे. सिमेटात परमनंट आहे." तो ताट सरकवून म्हणाला होता, "नाई." ती म्हणाली, "काऊन?" तो म्हणाला, "नाई म्हणजे नाई." एवढंच. पुनम तेव्हा लॅबमधून यायची होती, ती तिथं रक्ताचे नमुने तपासायच्या कामाला होती. म्हणजे तो नकार तिघांनी ऐकला: त्यानं, इंदिरेनं आणि मातीच्या बैलांनी. त्यातला एक मुका झाला, बैल पाण्यात शिरवले गेले, आणि उरली इंदिरा. गोष्ट इतकी सरळ होती की तिच्यातलं सरळपणच त्याला टोचू लागलं. जी मिठाला चुकत नाही, ती नकाराला कशी चुकेल?

पण नकाराचं कारण काय होतं?

इथं तो अडके. नकार भिंतीतल्या खिळ्यासारखा घट्ट होता, त्यावर जे टांगलेलं होतं ते मात्र गेलं होतं. तो डोळे मिटून शोधी. सिमेंटची धूळ? नाही, कोळशाच्या धुळीत राहणाऱ्यानं त्या धुळीला काय नाव ठेवायचं. गुणवंतराव कधी त्याच्या गाडीत बसले होते का, काही भांडण, काही तोऱ्यात बोलणं? तो एकेक थांबा घेई. बल्लारपूरला कोणी पांढऱ्या टोपीचा गृहस्थ चढला होता का? चढलेच असतील, टोपीवाले किती चढले. तो माणसं तपाशी आणि प्रत्येक माणसाच्या तोंडावर संशयाचा हात फिरवी, आणि प्रत्येक तोंड थोडंथोडं गुन्हेगार दिसू लागे. कारण कुठल्या थांब्यावर उतरून गेलं ते सापडत नव्हतं. आणि मग सगळ्यांत वाईट शंका येई, पहाटेच्या थंडीसारखी पायांकडून: कारण नव्हतंच. तो नुसता नाही म्हणाला होता. दिवसभर उभं राहून घरी आलेला माणूस जसा कशालाही नाही म्हणतो तसा. ही शंका तो झटकून टाकी. कारण असणार. इंदिरेलाही ते माहीत असणार, म्हणूनच ती ते दडवते आहे.

त्यानंतर घरातली प्रत्येक वस्तू त्याच्याशी लबाडीनं वागू लागली. फोन पालथा ठेवलेला असे. तो काठी टेकत पडवीत आला की मायलेकींचं बोलणं मध्येच भाजीवर येई. एकदा पुनम त्याच्या पायथ्याशी बसली, त्याच्या मेलेल्या उजव्या हाताला तेल लावू लागली. "बाबा, मी त्याले दोनदा भेटली. चांगला आहे. जास्त बोलत नाई. मले पसंत आहे, बाबा. आई म्हणे तुम्ही हो म्हटलं, तर मले किती बरं वाटलं." तिचे डोळे पाणावले होते. हातावर तिचा अंगठा फिरत होता आणि त्याला काही लागत नव्हतं, दुसऱ्याच्याच हाताला तेल लागत होतं. त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी वाटलं, हे आईनं शिकवून पाठवलं. 'जास्त बोलत नाई' हे तर खास त्याच्यासाठी घातलं असणार. तो भिंतीकडं वळला. पुनम उठून गेली. दारात तिनं आईला विचारलेलं त्यानं ऐकलं, "काय झालं वं?" आणि इंदिरा म्हणाली, "काई नाई. म्हणून राह्यले, लेक जाईन म्हणून जीव जड झाला." त्यानं भिंतीच्या गुलाबी रंगावर नख ओढलं.

साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला हे त्याला नव्या सदऱ्यावरून कळलं. तेव्हापासून तो नकार घडवू लागला. न्हाणीत जाऊन, नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड. इंदिरा दाराला कान लावून असेल ही खात्री होती. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईला चित्रं दाखवून दाखवून जे जमलं नाही ते तो रागानं करीत होता. जीभ टाळूला लावायची, नाकातून हवा सोडायची. 'ति' येई. पुन्हा. 'तिकी'. पुन्हा. बादली भरून वाहे. बाहेरून इंदिरा ओरडे, "पाणी कित्ती सोडून राह्यले जी, टाकी सरून जाईन." आणि एका सकाळी, तोंडावर पाणी मारताना, तो शब्द बाहेर पडला. 'नाई.' स्वच्छ, कोरा, त्याच्या स्वतःच्या जुन्या आवाजात. त्याला आपलाच आवाज ऐकून कोणीतरी गावाहून आल्यासारखं झालं. त्यानं तो पुन्हा म्हटला नाही. पाणी पिणाऱ्या जनावराला बुजवू नये तसं त्यानं तोंड मिटलं, टॉवेल गुंडाळला आणि बाहेर आला. इंदिरेनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "काऊन हासून राह्यले?" तो 'तिकीट' म्हणाला. तोही आता खोटं बोलायला शिकला होता.

साक्षगंधाच्या दिवशी पाहुणे सकाळीच आले. समोरच्या गुलाबी खोलीत सतरंजी, तीवर चादर. इस्तारीला खाटेवर मधोमध बसवलं, नवा सदरा, डोक्याला टोपी, उजवा हात मांडीवर नीट मांडून ठेवलेला, एखाद्या उसन्या वस्तूसारखा. गुणवंतराव अंगानं वाळलेले, पांढऱ्या टोपीचे, डोळे बारीक. इस्तारी त्यांचा चेहरा वाचू लागला. ओळखीचा होता? नव्हता? प्रणित खाली मान घालून पोहे खात होता आणि खरंच फारसा बोलत नव्हता. पोह्यांवर तर्री, बाजूला आलूबोंडे, एका मावशीनं तिखटाचं कौतुक केलं, दुसरी म्हणाली, "इहीणबाईच्या हाताले चव आहे, आता पोरीच्या हाताले पाहू," आणि सगळे हसले. पुनम पाणी देत होती. ती अंगभर सुंदर दिसत होती, आणि इस्तारीला ते पाहवत नव्हतं, कारण सुंदर दिसणंही त्याला कटातलं वाटत होतं.

मग ताटात कुंकू, नारळ, दुपट्टे आले. गुणवंतरावांनी हात पुसले आणि म्हणाले, "तर मग भाऊ, लेक आमच्या घरी दिली का?"

"दिली जी," इंदिरा दाराच्या चौकटीतून म्हणाली. "याहिचं म्हणणं का..."

"बाई, राग नका मानू." गुणवंतरावांनी मान वळवली नाही, ते इस्तारीकडंच बघत होते. "आमच्याकडं बापाच्या तोंडचा शब्द घेतात. कुंकू त्याच्यामागून लागते."

"पण त्याहिले बोलता नाई ना येत. तुमाले तर माहीत आहे."

"येईन तसं येईन. आमी बसलो आहो."

आणि ते खरंच बसले. इस्तारीला आधी संशयच आला: हा माणूस लबाड आहे, याला सोयरीक मोडायचं निमित्त हवं आहे, खापर माझ्या जिभेवर फोडणार. त्यानं त्या बारीक डोळ्यांत ते शोधलं. तिथं काही नव्हतं. तिथं नुसती वाट बघणं होतं. तान्ह्या पोळ्यापासून त्याच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. डॉक्टर घड्याळ बघत, लहानू शब्द सुचवी, पुनम वाक्य पुरं करी, इंदिरा तर त्याच्या आधीच तिथं पोहोचलेली असे. हा माणूस पुढं झुकून, हात गुडघ्यांवर ठेवून, बुवांनी प्रश्न टाकून पखवाज थांबवला की समोरची माणसं बसतात तसा बसला होता. इस्तारीनं तोंड उघडलं.

"तिकीट."

एक पोर फिस्कन हसलं, आईनं त्याला चिमटा काढला. इंदिरा सवयीनं मिठाकडं निघालीच होती. गुणवंतरावांनी नुसता हात वर केला. ती थांबली.

इस्तारीनं जीभ टाळूला लावली. नळाचा आवाज आठवला.

"नाई."

बाहेर कोळशाचा ट्रक गेला, भिंतीवरचा देवांचा फोटो थरथरला आणि थांबला. सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि त्याच्या अंगात आनंद उसळला, असा की डोळ्यांपुढं उजेड आला. तो बोलला होता. त्याचा शब्द त्याच्याच पायांनी चालत समोरच्या माणसापर्यंत गेला होता. गजर सुरू झाल्यावर टाळ आपोआप हातात नाचू लागतात तसं त्याचं सगळं शरीर, मेलेल्या बाजूसकट, वाजत होतं. त्या आनंदातच त्याला पुनम दिसली. ती रडली नाही. ती खाली वाकून पोह्यांच्या ताटल्या गोळा करू लागली. एकीवर एक, आवाज न करता, उष्ट्या चमच्यांसकट. तिची नुसती मान त्याला दिसत होती, चेहरा नाही. प्रणितनं स्वतःची ताटली उचलून तिच्या हातात दिली आणि तिच्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात कट नव्हता. इस्तारीनं फार वेळ शोधलं, पण नव्हता. त्यानं मग आपल्या नकाराच्या मागं हात घातला, तिथं काही असेल तर आताच सापडावं म्हणून. खिळा होता. नुसता खिळा.

"ठीक आहे, भाऊ," गुणवंतराव उठत म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. "शब्द मागतला, शब्द भेटला. राम राम." त्यांच्यामागून सतरंजी हलू लागली, माणसं उठू लागली, कोणीतरी नारळ परत पिशवीत घातला.

थांबा, इस्तारीच्या मनात आलं. बसा. हो. तो शब्द त्याला दिसत होता, एवढासा, एका अक्षराचा, अगदी दारापाशी. त्यानं त्याला हात केला.

"नाई."

गुणवंतराव वळले, मान हलवून म्हणाले, "समजलं, भाऊ."

"नाई. नाई."

आता तोच येत होता, एकटाच, पुन्हा पुन्हा, सगळ्यांना ढकलून. इस्तारीनं इंदिरेकडं पाहिलं. इतके दिवस ज्या तोंडावर तो पाळत ठेवून होता, त्या तोंडाकडं तो आता असा बघत होता जसा देवळाच्या बंद दाराकडं माणूस बघतो. बोल, तो डोळ्यांनी म्हणत होता. बोल ना. दे मला तुझं तोंड. इंदिरेनं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

"बाई," गुणवंतराव म्हणाले, "का म्हणून राह्यले ते?"

इंदिरेनं नवऱ्याकडं पाहिलं. मिठाला न चुकणारी बाई ती. तिला समजलं होतं. समजलं आहे हे त्यालाही दिसलं, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात, जिथं वाक्य तयार होऊन बसलं होतं. तिनं ते गिळलं.

"मले नाई माहीत जी," ती म्हणाली. "त्याहिलेच विचारा."

तिचा आवाज जरासा वर चढला. खोटं होतं ते, आणि त्याला कळलं की हे खोटं तिनं त्याला दिलं आहे, त्याचं त्यानंच बोलावं म्हणून.

मग त्यानं डावा हात पुढं टाकला आणि गुणवंतरावांची बाही धरली. तो खाटेवरून अर्धा घसरला. काठी खाली पडली, टोपी कानावर आली. "नाई," तो म्हणाला आणि बाही खाली ओढली. "नाई, नाई," आणि ओढतच राहिला, गाडी थांबवायला घंटीची दोरी ओढावी तसा, सगळ्या जोरानं. सदऱ्याची शिवण करकरली. गुणवंतराव वाकले. त्यांनी आधी त्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं, मग परत हाताकडं. दारातली माणसं थबकली. कोणी इस्तारीला सावरायला आलं नाही, कोणी शब्द सुचवला नाही.

गुणवंतरावांनी टोपी काढली, खाटेवर त्याच्या शेजारी टेकले आणि मांडी घातली.

"बसलो," ते म्हणाले. "सांगा. आमची गाडी घरचीच आहे, आमाले घाई नाई."

इस्तारीनं तोंड उघडलं. आत काय उभं आहे आणि आता कोण उतरेल, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. पुनम ताटल्यांचा ढीग हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत जात नव्हती. त्यानं बाही सोडली नाही.